ऐकलं ते आपलं नाही

फोन उचलला की बाई 'हॅलो' म्हणत नसत. "कोण हवंय?" म्हणत. आपण म्हणावं, "तुम्हीच हव्यात," तर त्या क्षणभर थांबत आणि मग म्हणत, "बोला." बोलणं जरा लांबलं की "झालं का?" एवढंच, आणि फोन बंद. 'ठेवते' नाही, 'बरं' नाही, काही नाही. पहिल्यांदा त्यांना फोन केला तेव्हा आपलं काय चुकलं याच काळजीत माझा सबंध दिवस गेला होता. पुढं कळलं, त्या सगळ्यांशीच तशा बोलत.

तरुणपणी त्या तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांचे प्लग. एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यायचा आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं. मशीनं आली, एक्सचेंज गेलं, बाई दुसऱ्या टेबलावर बसून रिटायर झाल्या आणि नवऱ्याच्या गावी, खर्ड्याच्या पुढं डोंगराच्या कडेला, दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. नवरा आधीच गेला होता. लेक नाशिकला. गावात त्यांना 'फोनवाल्या बाई' म्हणत. अख्ख्या तालुक्याची लग्नं, भांडणं, मयती त्यांच्या कानावरून गेल्या होत्या. पण त्यातलं एक अक्षर कुणाला कधी ऐकायला मिळालं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "ऐकलं ते आपलं नाही." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलंय की आता मला कुणी काही खासगी सांगू लागलं तर तेच आठवतं.

माझी त्यांची गाठ पडली ती कामामुळं. मी तेव्हा नगरच्या एका कॉलेजात, समाजकार्याच्या विभागात कंत्राटी नोकरीला होते. आमच्या सरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. गावातली म्हातारी माणसं कशी जगतात, त्यांना काय लागतं, काय खुपतं, हे समजून घ्यायचं. बाईंच्या गावात दिवाळीच्या सुमारास तरणी माणसं ऊस तोडायला जातात ती पार गुढीपाडव्यापर्यंत येत नाहीत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शेरडं. सरांचं म्हणणं असं, की प्रश्न आपण नगरला बसून ठरवायचे नाहीत. गावातल्याच पाच-सात म्हाताऱ्यांचा गट करायचा. काय विचारायचं, कुणी, कुठं बसून, ते त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं. मला ते पटत होतं. भीतीही वाटत होती, कारण ते जे काही म्हणतील ते सरांपर्यंत न्यायचं काम माझं होतं.

समाजमंदिरात पहिली बैठक झाली. मी आमची प्रश्नावली वाचायला घेतली. पहिलाच प्रश्न होता, आपण आपल्या आयुष्यात किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा. बाई भिंतीला पाठ लावून, दाराच्या उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांब. मी साडेतीन समाधानी आहे. आता याचं काय करशील तू?"

सगळे हसले. मी घाईनं पुढच्या प्रश्नाकडं वळले.

"अगं, घाबरतेस काय? मी खरंच विचारतेय. साडेतीन कळल्यावर पुढं काय करणार?"

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर विचारलंय. आपल्यालाही माहीत नाही. त्यांनाच विचार, काय विचारायचं ते."

त्यानंतरचे दोन-तीन महिने त्या गटानं आमची प्रश्नावली उसवली आणि पुन्हा शिवली. सोनामावशी म्हणून एक जण गटात होत्या. सगळं आयुष्य कोयता चालवलेला, गुडघे गेलेले, जीभ मात्र तिखट. त्या म्हणाल्या, "सून दारात हुबी असली की कुनी म्हनंल का, मला दुख हाय म्हनून? समदी म्हंत्यात, लई बेस चाललंय." म्हणून ठरलं, घरात विचारायचं नाही. पारावर, शेताच्या बांधावर, जिथं माणूस एकटं सापडेल तिथं. आणि विचारणारं माणूसही म्हातारंच हवं. आमच्यासारख्या ओढणीवाल्या पोरींपुढं कोण रडणार?

"तुम्हाला एकटं वाटतं का?" हा प्रश्न बाईंनी काढून टाकला. त्याजागी त्यांनी सांगितलं, "असं विचार, की तुम्हाला नावानं हाक मारणारं आता कोण आहे?" तो प्रश्न जमतो का बघायला मी पहिल्यांदा गटातल्याच एका आजोबांना विचारला, तेव्हा ते बोटांवर मोजत बसले आणि म्हणाले, "रेशनवाला."

पण त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. मुलाखतीला गेल्यावर कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा दंडक त्यांनी घातला होता. सरकारी नोकरीतली सवय. दोन आज्या त्यावरून रुसल्या. सोनामावशी बैठकीत म्हणाल्या, "आमच्या हातचं चालंना व्हय तुमाला? मंग आमचं दुख तरी कशापायी चालतंय?" बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. प्यायचा." आणि त्या दिवशी त्यांनी तीन घरी चहा घेतला. सांगताना चेहरा असा की औषधच घेतलंय.

एका बाबतीत मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. मुलाखतीआधी म्हणायचं वाक्य त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं. 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. तुमच्या नावानं कुणाला कळणार नाही.' रेकॉर्डर लावायला तर त्यांनी साफ नकार दिला. "यंत्र लावलं की माणूस यंत्राशी बोलतो," म्हणत. त्या मुलाखत घेऊन आल्या की आठवणीतून मला सांगत आणि मी उतरवून घेई. कोण बोललं ते सांगत नसत.

बाई चालताना रस्त्याच्या कडेनं, कायम उजव्या अंगाला भिंत धरून चालत. आपण डावीकडून बोलावं ही त्यांची शिस्त. बोलताना आपल्या तोंडाकडं असं रोखून बघत की आपल्या दातात काही अडकलंय की काय असं वाटावं. कुणी पुटपुटलं तर कडाडत, "शब्द गिळू नका." मी या सगळ्याला तऱ्हेवाईकपणा समजत होते.

एके सकाळी शेताकडच्या वाटेवर, जिथं धरायला भिंत नव्हती, त्या माझ्यापुढं चालत होत्या. मागून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बाई वाटेच्या मधोमध, त्यांच्या त्यांच्या चालीनं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरून ओढलं. त्या रागावल्या, मग मागं वळून पाहिलं आणि पदर नीट केला.

मी घाबरले. ट्रॅक्टरमुळं नव्हे. बाईंना ऐकू येत नसेल, तर त्यांनी घेतलेल्या मुलाखतींचं काय? त्यांनी मला सांगितलेलं लोक खरंच बोलले होते, की बाईंनी अंदाजानं भरून घेतलं होतं? मी सोनामावशींना बाजूला गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "आमाला ठावं हाय की. डावा कान थोडा चालतोय, उजवा पार गेलाय. तुमालाच ठावं न्हवतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आवं, कानानंच मोठी झालेली बाई ती. तिला कुनी म्हनावं, तुज्या कानात राम न्हाई?"

मी सगळं सरांना सांगितलं. सर म्हणाले, आधी बाईंशीच बोल, त्यांना कमीपणा येईल असं काही करू नकोस. मी बुधवारी जायचं ठरवलं. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करून झोप उडाली होती. मंगळवारी सकाळी बाईंचाच फोन आला. गेले कित्येक आठवडे त्यांनी मला स्वतःहून फोन केला नव्हता.

"ये. आज." एवढंच. मी "काय झालं" म्हणेपर्यंत फोन बंद.

नगरहून जामखेडची एसटी, तिथून खर्ड्याची, पुढं वडापची जीप. त्या प्रवासात मी डोळ्यांपुढं काय काय आणलं ते सांगत नाही. पोचले तेव्हा बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"किसनतात्या," त्या म्हणाल्या. आतापर्यंत त्यांनी मुलाखत दिलेल्या कुणाचंही नाव मला सांगितलं नव्हतं, म्हणून ते नाव ऐकूनच मी दचकले. किसनतात्या गावाच्या खालच्या अंगाला एकटे राहत. मुलगा-सून कोल्हापूरकडं तोडीला गेलेले. तात्यांना शुगर, बीपी, पायाची आग.

"काल मी त्याच्याकडं बसले होते. उठताना तो म्हणाला, गोळ्या बंद केल्या, आता बास." बाई थांबल्या. "हे कुणाला सांगायचं नाही, असं मीच त्याला वचन दिलंय. पहिलंच वाक्य ते. अख्ख्या नोकरीत मी कुणाचं इकडचं तिकडं केलं नाही. लोकांचं काय काय बोलणं ऐकलंय मी. आणि आता हे."

मी मनात केलेली सगळी जुळवाजुळव विसरले. पण एक प्रश्न विचारावाच लागणार होता. "बाई, नक्की असंच म्हणाले का ते?"

त्या माझ्या ओठांकडं बघत होत्या. त्यांना कळलं. "तुला कधी कळलं?"

"ट्रॅक्टर आला तेव्हा."

"हं." त्यांनी हातातलं घड्याळ फिरवलं. "खरं सांगू? रात्रभर तेच घोळतंय. बंद केल्या म्हणाला की बंद झाल्या? ओठांवरून नक्की ठरवता येत नाही. दवाखान्यातून मिळायच्या बंद झाल्या असतील तर आणून देता येतील. पण त्याचं तोंड मी पाहिलंय. ते गोळ्या न मिळालेल्या माणसाचं तोंड नव्हतं."

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, जिवाचा प्रश्न असेल तर वचन मध्ये येत नाही, आरोग्य केंद्राला कळवायलाच हवं. मी तसं बाईंना सांगितलं, दोनदा, मोठ्यानं. त्या उठल्या. "कळवू. पण आधी त्याला सांगून. त्याच्या पाठीमागं नाही."

तात्या ओट्यावर बसले होते. भावकीतला एक पुतण्या आणि शेजारच्या दोन बायका तिथंच. आम्हाला दोघींना एकदम पाहून त्यांचा चेहरा आवळला. बाईंना हळू बोलता येत नसे. तेव्हा तर मुळीच नाही.

"किसनराव, काल तुम्ही मला गोळ्यांचं सांगितलंत. मी ते दवाखान्यात सांगणार आहे. तुम्हाला सांगून चाललेय."

सगळ्या ओट्याला ऐकू गेलं. तात्या म्हणाले, "म्या कवा म्हनालो? कायबी बोललो न्हाई." आत जाऊन त्यांनी गोळ्यांची पिशवी आणली, माझ्यापुढं धरली. पाकिटं भरलेली. "ह्या बघा. हायेत की समद्या."

भरलेली पाकिटं म्हणजे खाल्लेली नाहीत, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मला फक्त माणसांचे चेहरे दिसत होते. पुतण्या म्हणाला, "बाईला ऐकू येत न्हाई. समद्या गावाला ठावं हाय. आन् तुमी तिलाच इचाराय धाडता."

मला वाटलं, झालं. अभ्यास संपला, गावात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. मी बाईंच्या कोपराला हात लावून त्यांना न्यायला बघत होते. पण त्यांनी पुतण्याचं तोंड वाचलं होतं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय, डावाही चाललाय. मी हे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. माझीच ऐकण्यात चूक झाली असेल." मग त्या त्या बायकांकडं आणि पुतण्याकडं वळल्या. "आता जरा आम्हाला बसू द्या."

माणसं नाइलाजानं पांगली. बाई तात्यांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. मला त्यांनी घालवलं नाही, म्हणून मी चौकटीला टेकून उभी राहिले.

"आता पुन्हा सांगा. हळू सांगा, मी तोंडाकडं बघते."

तात्या जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली, बाईंना दिसेल अशी.

"बंद केल्या. दिवाळीपासनं."

बाईंनी फक्त मान हलवली.

"पोरगं रोज फोन करतंय. तात्या, बरं हाय का? म्या म्हंतो, बरं हाय. त्यो तिकडं कोयता चालवतो आन् जीव हिकडं टांगलेला. मागल्या साली माज्यापायी मधीच आला, समदा हंगाम बुडाला. म्या गेलो तर मोकळा हुईल त्यो."

आता बाई काही समजावतील असं मला वाटलं. त्यांनी समजावलं नाही. म्हणाल्या, "माझी लेक दर रविवारी फोन करते. ती काय बोलते त्यातलं मला वर्षभरात काही ऐकू आलेलं नाही. मी हो, हो, बरंय, बरंय म्हणते आणि ठेवून देते."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. "आन् तिनं काय इचारलं आसंल तर?"

"देव जाणे मी कशाकशाला हो म्हटलंय."

तात्यांच्या तोंडावर हसू आलं नाही, पण काहीतरी सैल झालं. जरा वेळानं ते म्हणाले, "पाय बधिर झालाय. कालपासनं कळंनाच." आणि धोतर वर केलं. पायाची बोटं काळसर पडली होती. मी लगेच आरोग्य केंद्राला फोन लावला.

तिथून त्यांना जामखेडला, तिथून नगरला हलवलं. पायाचं काय होईल कुणी सांगत नव्हतं. मी कॉलेजातून सुटले की वॉर्डात जाई, लांबून बघून परत येई. मुलगा कोल्हापूरहून आला होता. मला पाहिल्यावर तो कॉरिडॉरमध्ये आला. "माज्या बापाचं समद्या गावात केलं तुमी. लोक म्हंत्यात, पोरानं बापाला मराय टाकलं." तो खोटं बोलत नव्हता, लोक तसं म्हणत होते. दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला.

गावात मात्र दारं बंद झाली. मुलाखतीला कुणी तयार होईना. गटातले तिघं यायचे थांबले. सर शांत होते, पण त्यांनाही काळजी होती, अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागतो की काय. शेवटी बाईंनीच बैठक बोलावली. उरलेल्यांपुढं त्या म्हणाल्या, "मी वचन मोडलं. म्हणून मी गट सोडते. तुम्ही काम चालू ठेवा."

सोनामावशींनी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "वचन मोडलं ते ब्येस केलं. पर वचनच चुकीचं हुतं. आसं वचन द्यावंच कशापायी, जे पाळलं तर मानूस मरतंय?"

बाईंनी गट सोडायची गोष्ट पुन्हा काढली नाही. मग गटानं ते पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं. सगळी दुपार त्यात गेली. 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. पण तुमच्या जिवाला धोका दिसला तर मी सांगणार, आणि आधी तुम्हाला सांगून सांगणार.' शिवाय सोनामावशींच्या आग्रहानं असं ठरलं, की विचारणाऱ्यानं आधी स्वतःचं एखादं दुखणं सांगायचं, मगच दुसऱ्याचं विचारायचं. बाई पुढं प्रत्येक मुलाखतीत सोनामावशींना शेजारी घेऊन बसू लागल्या आणि सुरुवात अशी करू लागल्या, "मला ऐकू येत नाही. ही मला सांगेल. तुम्ही निवांत बोला." हळूहळू लोक पुन्हा बोलू लागले. सगळे नाही. खालच्या आळीतलं एक घर शेवटपर्यंत आमच्याशी बोललं नाही.

लेकीनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. बाईंना ते मुळीच आवडलं नाही. म्हणायच्या, "सगळंच एकदम येतं यात. कुणाला जोडायचं आणि कुणाला नाही, माझ्या हातात काही नाही." अभ्यास संपल्यावर त्या नाशिकला लेकीकडं गेल्या, आता तिथंच असतात. अधूनमधून मी फोन करते. लेक उचलते.

गटाची शेवटची अट होती, की अहवाल नगरला जाण्याआधी गावात वाचायचा. पाडव्यानंतर तोडीची माणसं परतली तेव्हा समाजमंदिरात सगळे जमले. सर वाचू लागले. मी एक पान कधी येतंय याच्याकडं लक्ष देऊन बसले होते. त्या पानावर एक वाक्य होतं, 'कुटुंबावर भार नको म्हणून एका ज्येष्ठ व्यक्तीनं औषधं बंद केली होती.' नाव नव्हतं. ते वाक्य ठेवू का, हे बाईंनी तात्यांना स्वतः जाऊन विचारलं होतं आणि ते "ठिवा" म्हणाले होते. तरी मला भीती वाटत होती, कारण तात्यांचा मुलगा मागं दाराशी उभा होता आणि त्याचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

सरांनी वाक्य वाचलं. सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

किसनतात्या काठीवर जोर देऊन उठले. "त्यो म्या," ते म्हणाले. "पोराची काय चुकी न्हाई. त्याला ठावंच न्हवतं. म्या सांगितलंच न्हवतं."

मुलगा दारातून पुढं आला, माणसांतून वाट काढत तात्यांजवळ पोचला, त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः त्यांच्याशेजारी मांडी घालून बसला.

बाईंनी माइकच्या खरखरीमुळं मशीन काढून मुठीत ठेवलं होतं. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाला?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून तात्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"आणि पोरगा?"

"तो काही बोलला नाही. शेजारी बसलाय."

बाईंनी मान पुढं काढून त्या दोघांकडं नीट बघून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग वाचा म्हणावं पुढं."